भंगारातील रणगाडे

पुणे शहराच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात, हिंजवडी हे गाव आहे. पन्नास वर्षांपूर्वी ते शेतीवर जगणारे एक साधे खेडे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे संगणक-उद्योगाची मोठी वसाहत वसवली आणि बघता बघता शेतांच्या जागी काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. तरीही चैत्री पौर्णिमेला ग्रामदैवत म्हातोबाचे बगाड निघते, तेव्हा त्या लाकडी गाड्याभोवती माणसांची अलोट गर्दी होते. अगदी नवे आणि अगदी जुने येथे असे शेजारी शेजारी नांदते.

या परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हिंजवडीपासून सुमारे वीस किलोमीटरांच्या आत लष्कराची कितीतरी ठाणी आहेत. एका बाजूस देहूरोडची छावणी आहे. दुसऱ्या बाजूस खडकी आहे. तेथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तेथेच लष्करी वाहनांची दुरुस्ती करणारी मोठी कार्यशाळा आहे आणि रणगाड्यांच्या सुट्या भागांचे मध्यवर्ती कोठारही आहे. खडकीला लागूनच दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय येते. पिंपरी-चिंचवडचे कारखाने तर याच पट्ट्यात पसरलेले आहेत. जेथे एवढे लोखंड घडवले, वापरले आणि झिजवले जाते, तेथे मोडक्या लोखंडाचा व्यापार वाढल्यावाचून कसा राहील? चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांची एक वसाहतच झाली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने ती मोठ्या प्रमाणावर पाडून टाकली. परंतु गोदाम पाडले म्हणून भंगार नाहीसे होत नाही. ते केवळ जागा बदलते. पत्र्याचे कुंपण, आत गंजलेल्या लोखंडाचे ढीग, दाराशी वजनकाटा आणि कोपऱ्यात गॅस-कटरच्या ठिणग्या, हे दृश्य या भागातील रस्त्यांच्या कडेला आजही ठिकठिकाणी दिसते.

‘भंगार’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. आज तो टाकाऊ वस्तूसाठी वापरतात. परंतु जुन्या मराठीत ‘भांगार’ म्हणजे सोने, आणि कोकणीत सोन्याला आजही ‘भांगर’च म्हणतात. या दोन शब्दांचे नाते काय, हा प्रश्न भाषापंडितांवर सोपवावा. मात्र टाकाऊ मालाच्या ढिगात एखादी सोन्याच्या मोलाची वस्तू पडलेली असू शकते, ही गोष्ट पुढील हकीकतीवरून दिसेल. दुसरा शब्दप्रयोग ‘मोडीत काढणे’ हा. जुनी भांडी, जुने दागिने मोडीत काढतात, म्हणजे ती वस्तू म्हणून न विकता तिच्यातील धातूच्या वजनावर विकतात. घागर मोडीत निघाली की ती घागर राहत नाही, तितक्या वजनाचे तांबे होते. ज्या दिवशी एखादे लष्करी वाहन मोडीत निघते, त्या दिवशी त्याचीही हीच गत होते.

लष्करी वाहनाचे आयुष्य ठरलेले असते. ठरावीक वर्षे किंवा ठरावीक अंतर चालल्यावर ते तपासले जाते. दुरुस्तीने भागण्यासारखे असेल तर ते कार्यशाळेत जाते. तेथे त्याचा कणन् कण सुटा करतात, झिजलेले भाग बदलतात आणि पुन्हा जुळवणी करतात. दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला म्हणजे त्या वाहनाला सेवेतून रजा मिळते. मग लिलाव होतो. पूर्वी हे लिलाव हातोड्याच्या ठोक्यावर चालत. आता ते बहुतांशी संगणकावर होतात आणि त्यांतील बरेचसे काम १९६४ मध्ये स्थापन झालेली ‘एमएसटीसी’ ही सरकारी कंपनी पाहते. अशा लिलावातून आलेल्या मालाला बाजारात ‘डिस्पोजलचा माल’ असे म्हणतात.

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले तेव्हा या डिस्पोजलच्या मालाचा देशात पूरच आला होता. परकी फौजा परतल्या. त्यांचे ट्रक, जीपगाड्या, तंबू आणि यंत्रे येथेच राहिली. त्यांतील कितीतरी गाड्या मालवाहतुकीस लागल्या. अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले अवजड ट्रॅक्टर हाताशी घेऊन १९४७ मध्ये केंद्र सरकारने एक ट्रॅक्टर-संघटना उभारली आणि मध्य भारतात कांस नावाच्या चिवट गवताने व्यापलेली हजारो एकर जमीन नांगरून काढली. तलवारीचे नांगर झाल्याचे पुराणातच ऐकावे असे नाही.

पुढच्या काळात भारतीय सैन्याची स्वतःची वाहने या वाटेने बाहेर पडू लागली. जबलपूरच्या कारखान्यात तयार झालेले ‘शक्तिमान’ ट्रक आणि ‘जोंगा’ नावाच्या दणकट गाड्या अनेकांनी लिलावात घेतल्या, रंगवल्या आणि वर्षानुवर्षे चालवल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करी बूट, पट्टे व पाण्याच्या बाटल्या विकावयास येतात, तसाच हा प्रकार. फक्त आकाराने मोठा.

रणगाड्याची गोष्ट मात्र निराळी आहे. ट्रक किंवा जीप नागरी कामास जुंपता येते. रणगाडा घेऊन कोणी भाजी आणावयास जाणार नाही. त्याचे वजन चाळीस-पन्नास टन. त्याचे लोखंडी पट्टे डांबरी रस्ता उखडतात. आणि एक किलोमीटर जाण्यासाठी तो कित्येक लिटर इंधन पितो. शिवाय युद्धाचे साधन शस्त्रासकट कोणाच्याही हाती देता येत नाही. म्हणून सेवेतून गेलेल्या रणगाड्याची तोफ आधी निकामी करावी लागते, आणि मग त्याच्यापुढे मुख्यतः दोनच वाटा उरतात. एक भट्टीची आणि दुसरी चौथऱ्याची. भट्टीच्या वाटेवर त्याचे गॅस-कटरने तुकडे होतात आणि तो वितळून जातो. चौथऱ्याच्या वाटेवर तो एखाद्या शहराच्या चौकात, शाळेच्या पटांगणात किंवा संग्रहालयात उभा राहतो. मद्रासजवळच्या, म्हणजे आजच्या चेन्नईजवळच्या, आवडी येथे १९६५ पासून तयार झालेला ‘विजयंता’ रणगाडा सेवेतून गेल्यावर देशातील अनेक गावांत असाच चौथऱ्यावर चढला.

भट्टीची वाट दिसते तितकी सोपी नाही. चिलखतासाठी वापरलेले पोलाद साधे नसते. त्यात निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम यांसारखे धातू मिसळलेले असतात. त्यामुळे ते कणखर होते आणि त्याला मोलही चांगले येते. अनेक रणगाड्यांच्या पट्ट्यांचे दुवे मँगॅनीज मिसळलेल्या पोलादाचे ओतलेले असतात. या पोलादाचा गुण असा, की त्यावर जितके घाव बसतात तितका त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण होत जातो. आणखी एक चमत्कार म्हणजे त्याला लोहचुंबक जवळजवळ चिकटतच नाही. भंगारवाल्याच्या खिशात लोहचुंबक असतोच. तो लावून पाहिल्यावर समोरचा जड तुकडा साध्या लोखंडाचा नव्हे, हे जाणता माणूस तेव्हाच ओळखतो.

या व्यवसायात धोकेही थोडे नाहीत. जुन्या लष्करी वाहनांच्या तबकड्यांवरील आकडे अंधारात चमकावेत म्हणून पूर्वी रेडियममिश्रित रंग लावीत; रंगाची चमक कधीच जाते, किरणोत्सर्ग मात्र शेकडो वर्षे टिकतो. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी बाजारात भंगारात आलेल्या एका प्रयोगशाळेतील उपकरणाचे तुकडे करताना कोबाल्ट हा किरणोत्सर्गी पदार्थ उघडा पडला. कित्येक जण आजारी पडले आणि एकाचा प्राण गेला. महाराष्ट्रातील धोका याहून ओळखीचा आहे. अहिल्यानगरजवळ खारे-कर्जुने गावाच्या शेजारी लष्कराचे ‘के. के. रेंज’ हे सरावाचे मोठे मैदान आहे. तेथे झाडलेल्या तोफगोळ्यांपैकी एखादा न फुटता जमिनीत राहतो. त्यातील पितळ किंवा तांबे मिळवण्यासाठी असा गोळा फोडू गेलेली माणसे प्राणाला मुकल्याच्या घटना घडल्या आहेत. चार पैशांच्या मोडीसाठी घरातला कमावता माणूस गमावण्यासारखे दुर्दैव नाही. शेतात किंवा भंगारात असा गोळा दिसल्यास त्याला हात न लावता पोलिसांना कळवणे, एवढेच सामान्य माणसाने करावयाचे असते.

आता चौथऱ्याच्या वाटेकडे वळू. पुण्यापासून सुमारे १२० किलोमीटरांवर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, हे शहर आहे. रणगाड्यांवर काम करणाऱ्या सैनिकांना शिक्षण देणारी शाळा येथे १९२४ पासून आहे. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, चिलखती दलाचे केंद्र येथेच स्थिर झाले. या केंद्राने जमवलेल्या जुन्या वाहनांचे संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते सुरू झाले. मोकळ्या मैदानात, झाडांच्या सावलीत, सुमारे पन्नास रणगाडे आणि चिलखती गाड्या येथे ओळीने उभ्या आहेत.

या मैदानातून सावकाश हिंडणाऱ्याला लोखंडच इतिहास सांगू लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स-रॉइस चिलखती गाडी पाहावी. संस्थानिकांच्या दाराशी झुलणाऱ्या आलिशान मोटारीच्याच सांगाड्यावर पोलादी पत्रे ठोकून ती बनवलेली आहे. युद्धाची निकड लागली की मेण्याचा गाडा कसा होतो, त्याचे हे उदाहरण. तिच्या पुढच्या पिढीतील जपानी ‘हा-गो’ हा रणगाडा अवघ्या सात-साडेसात टनांचा आहे. त्याच्या पत्र्यांची जाडी कोठेही १२ मिलिमीटरांहून अधिक नाही. म्हणजे बोटाएवढीही नाही. याउलट ब्रिटिशांच्या ‘चर्चिल’ रणगाड्याच्या शेवटच्या प्रकारांत पुढचे चिलखत १५२ मिलिमीटर जाड आहे. दोघांच्या निर्मितीत फार वर्षांचे अंतर नाही. परंतु त्या थोड्या वर्षांत तोफा इतक्या बलवान झाल्या, की चिलखताला त्यांच्या मागे धावावे लागले. जुन्या रणगाड्यांचे पत्रे रिव्हेटांनी सांधलेले दिसतात. गोळा बाहेर आदळला की आतल्या बाजूने रिव्हेट सुटून गोळीसारखे उडत आणि आतील सैनिकांनाच इजा करीत. म्हणून पुढे पत्रे वेल्डिंगने जोडू लागले, किंवा सबंध बुरूज एकसंध ओतू लागले. ओतीव बुरुजावर कोठेतरी ओतशाळेची खूण आणि आकडे उठावात उमटलेले असतात. हातांनी चाचपले तर ते गंजाखालीही लागतात.

लोखंडी पट्ट्यांचे रहस्यही येथेच उलगडते. एवढे धूड चिखलात का रुतत नाही? वजन थोड्या जागेवर पडले तर ते रुतते. मोठ्या जागेवर पसरले तर तरून जाते. पट्टा म्हणजे रणगाड्याने स्वतःच स्वतःपुढे अंथरलेला आणि मागून पुन्हा गुंडाळून घेतलेला रस्ता होय. रशियन बनावटीचा ‘पीटी-७६’ हा चौदा टनांचा रणगाडा जमिनीवर जो दाब देतो, तो उभ्या राहिलेल्या माणसाच्या पावलाखालच्या दाबासारखाच असतो. हा रणगाडा पाण्यावर तरंगतोही. म्हणून आपल्या जवानांनी तुपाच्या रिकाम्या डब्यावरून त्याला ‘पिप्पा’ असे लाडके नाव दिले होते. नोव्हेंबर १९७१ मध्ये गरीबपूरच्या लढाईत याच पातळ चिलखताच्या रणगाड्यांनी पाकिस्तानच्या ‘चाफी’ रणगाड्यांची दाणादाण उडवली.

याच लढाईवर २०२३ मध्ये ‘पिप्पा’ नावाचा चित्रपट निघाला आणि त्यासाठी एक खरा पीटी-७६ पुन्हा चालता करण्यात आला. असा योग क्वचितच येतो. एरवी चित्रपटवाल्यांपुढे मोठी अडचण असते. जुना रणगाडा हवा तेव्हा मिळत नाही. मिळाला तर चालत नाही. आणि जो चालतो तो कथेतील काळाचा नसतो. मग सुतार, लोहार आणि रंगारी यांच्या मदतीने खोटा रणगाडा उभारावा लागतो. एखाद्या ट्रॅक्टरच्या किंवा मातीकाम करणाऱ्या यंत्राच्या सांगाड्यावर प्लायवूडचे व पातळ पत्र्याचे कवच चढवतात, नळाची तोफ करतात आणि वरून गंज, चिखल व धूर यांचे रंग देतात. ‘अ ब्रिज टू फार’ या १९७७ च्या इंग्रजी चित्रपटात खरे शर्मन रणगाडे थोडे होते. बाकीचे लँड रोव्हर मोटारींवर फायबरग्लासची कवचे बसवून केलेले होते. १९९८ च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधील जर्मन ‘टायगर’ रणगाडे वस्तुतः रशियन ‘टी-३४’ होते. त्यांच्यावर टायगरचे सोंग चढवलेले होते. परंतु सोंग वरच्या अंगाचे, पाय मात्र मूळचेच! टायगरची चाके एकमेकांत गुंतलेली आणि पुष्कळ. टी-३४ ची प्रत्येक बाजूस मोठी मोठी पाचच. रामलीलेतील रावणाच्या पायांत गावच्या चांभाराने शिवलेल्या वहाणा दिसाव्यात, तसे जाणत्याला हे चटकन दिसते.

नकली म्हणून या कारागिरीला हिणवणे मात्र योग्य नव्हे. खोटे रणगाडे ही काही चित्रपटांचीच करामत नाही; खऱ्या युद्धानेही त्यांचा आश्रय केला आहे. १९४२ मध्ये इजिप्तमधील अल अलामीनच्या लढाईपूर्वी ब्रिटिशांनी खऱ्या रणगाड्यांवर कापडाची व लाकडाची झापडे घालून ते ट्रक आहेत असे भासवले, आणि दुसरीकडे लाकूड-कापडाचे खोटे रणगाडे उभे करून हल्ला तिकडून होणार असा शत्रूचा समज करून दिला. १९४४ मध्ये अमेरिकन सैन्याने हवा भरून फुगवता येणारे रबरी रणगाडे वापरले. चार माणसांनी उचलून नेता येईल असा रणगाडा शत्रूची सबंध तुकडी अडवून ठेवतो, हे त्या खोट्या रणगाड्याचे खरे शौर्यच म्हणावयाचे. मुळात ‘टँक’ हा इंग्रजी शब्दसुद्धा फसवणुकीतूनच जन्मला. पहिल्या महायुद्धात हे नवे यंत्र गुप्तपणे तयार होत असताना, त्या पाण्याच्या टाक्या आहेत असे सांगितले जाई. तेच नाव पुढे रूढ झाले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीच्या आघाडीवर या ‘टाक्या’ प्रथम रणात उतरल्या. मराठीने ‘रणगाडा’ हा शब्द घेऊन वस्तूचे खरे स्वरूपच नावात ठेवले. तो शब्द मुळापेक्षा सरस आहे, असे कोणीही मान्य करील.

चित्रीकरण संपल्यावर असले नकली रणगाडेही जागा अडवू लागतात आणि भंगारातच जातात. तेथे एखाद्या कोपऱ्यात पडलेला रणगाडा पाहून कोणी हरखून गेला, तर त्याने काही खुणा पाहाव्यात. चिलखतावर हातोडीने हलकेच ठोकावे. पातळ पत्रा डब्यासारखा वाजतो. जाड चिलखत जवळजवळ मुके राहते. झाकणाची कड पाहावी. जाडी तेथे लपत नाही. तोफेच्या तोंडात दृष्टी टाकावी. त्या काळातील बहुतेक तोफांच्या नळीत गोळ्याला फिरकी देणाऱ्या सर्पाकार खाचा असतात. पाण्याच्या नळात त्या कोठून येणार? चाकांकडे पाहावे. खऱ्या रणगाड्याचे प्रत्येक चाक खाचखळग्यांवर वरखाली हलू शकेल अशा रीतीने बसवलेले असते. नकली रणगाड्याची चाके पुष्कळदा शोभेची असतात. आणि शेवटी क्रमांक शोधावा. रंगवलेला क्रमांक कोणीही रंगवू शकतो. पोलादात ठोकलेला किंवा ओतलेला क्रमांक खोटा करणे अवघड.

हा क्रमांकच पुष्कळदा सर्वांत मोलाचा ठरतो. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेले शंभर रणगाडे दिसावयास सारखेच असतात. त्यांतील कोणता कोणत्या रेजिमेंटकडे गेला, कोणी चालवला, कोठे लढला, हे त्या क्रमांकावरून आणि त्याच्या नोंदवहीवरून कळते. नोंद हरवली, की उरते ते केवळ वजन.

अशीच नोंद टिकलेला एक रणगाडा अहिल्यानगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात जपून ठेवलेला आहे. त्याचे नाव ‘फामागुस्ता’ आणि क्रमांक ‘जेएक्स २०२’. हा ब्रिटिश बनावटीचा ‘सेंच्युरियन’ जातीचा, सुमारे पन्नास टनांचा रणगाडा पूना हॉर्स या रेजिमेंटचा होता. या रेजिमेंटचे मूळ १८१७ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांच्यात झालेल्या पुण्याच्या तहाच्या सुमारास उभारलेल्या घोडदळात आहे. घोडे गेले, रणगाडे आले. पुण्याचे नाव मात्र राहिले. १९६५ च्या युद्धात याच रेजिमेंटचे प्रमुख, मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, यांनी लढता लढता प्राण दिला आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

सहा वर्षांनी पुन्हा युद्ध पेटले. पुण्यात १४ ऑक्टोबर १९५० रोजी जन्मलेला अरुण खेतरपाल हा तरुण जून १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून पूना हॉर्समध्ये दाखल झाला होता. सहा महिन्यांतच, १६ डिसेंबर रोजी, म्हणजे युद्धाच्या शेवटच्या दिवसांत, शकरगढ भागात बसंतर नदीच्या पलीकडे जरपाल गावाजवळ रणगाड्यांची घनघोर लढाई झाली. शत्रूचे संख्याबळ मोठे होते. खेतरपाल यांनी आपल्या सोबत्यांसह शत्रूचे एकामागून एक रणगाडे निकामी केले. अखेर फामागुस्तावर गोळा बसला आणि त्याने पेट घेतला. रणगाडा सोडून बाहेर पडण्याची आज्ञा वरिष्ठांकडून आली. परंतु आपली तोफ अजून चालते आहे, म्हणून आपण रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी बिनतारी यंत्रावरून कळवले. त्यांनी आणखी एक रणगाडा टिपला. आणि मग दुसरा गोळा येऊन फामागुस्तावर आदळला. खेतरपाल यांचे वय त्या वेळी एकवीस वर्षांचे होते. त्यांनाही मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

फामागुस्ता काही काळ शत्रूच्या हाती पडला होता. पुढे तो भारताकडे परत आला. दोन ठिकाणी फुटलेला, आतून जळालेला तो रणगाडा लढाईच्या दृष्टीने निरुपयोगीच झाला होता. वजनकाट्यावर त्याची किंमत काढणे अवघड नव्हते. परंतु कोणीतरी त्याचा क्रमांक वाचला, त्याची नोंद जपली, त्याची दुरुस्ती केली आणि त्याला भट्टीकडे जाऊ दिले नाही. त्या लढाईनंतर तीस वर्षांनी, २००१ मध्ये, अरुण यांचे वृद्ध वडील, निवृत्त ब्रिगेडियर मदनलाल खेतरपाल, पाकिस्तानातील आपले जन्मगाव पाहावयास गेले. लाहोरला ज्यांच्या घरी ते उतरले होते, त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी निरोपाच्या आदल्या रात्री सांगितले, की आपल्या पुत्राच्या रणगाड्यावर शेवटचा गोळा झाडणारा तो मीच. त्या दोन वृद्ध सैनिकांनी एकमेकांचा निरोप वैरभावाने घेतला नाही.

सर्वच युद्धसाधनांच्या वाट्याला फामागुस्ताचे भाग्य येत नाही. ‘विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी बंगालच्या उपसागरात शत्रूची बंदरे उद्ध्वस्त केली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवामुक्त झाली आणि मुंबईच्या बंदरात काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली. परंतु खाऱ्या पाण्यातील जहाज जपणे हे झाडाखालचा रणगाडा जपण्याइतके सोपे नाही. तळ गंजला, खर्चाचा मेळ बसेना, लोकांना आत सोडणे धोक्याचे झाले. २०१४ मध्ये सुमारे साठ कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला. न्यायालयात दाद मागण्यात आली. पण सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती मोडण्यास संमती दिली, आणि मुंबईच्या दारूखान्यात गॅस-कटरची निळी ज्योत तिच्या पोलादाला लागली.

त्या पोलादाचा काही भाग आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीने विकत घेतला. आकुर्डी हे हिंजवडीहून थोड्याच अंतरावर, पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. विक्रांतचा धातू वितळवून, त्यात दुसरे पोलाद मिसळून, कंपनीने २०१६ मध्ये ‘व्ही-१५’ नावाची मोटारसायकल बाजारात आणली. तो धातू तिच्या पेट्रोलच्या टाकीत वापरलेला होता. एकदा भट्टीत मिसळल्यावर, कोणत्या टाकीत विक्रांतच्या धावपट्टीचे पोलाद आले आणि कोणत्या टाकीत इंजिनघराच्या भिंतीचे, हे ओळखण्यास काहीही साधन उरत नाही.